जँगो ३.२ ते ४.२ : लांबलेल्या अपग्रेड ब्रँचचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती अशी आहे. एक मध्यम आकाराचं वेब अ‍ॅप्लिकेशन: जँगो (पायथनमधला वेब फ्रेमवर्क) ३.२, पायथन ३.८, पोस्टग्रेस (डेटाबेस) ११. सहा डेव्हलपर, गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली एकच रिपॉझिटरी (कोडचा साठा), आठवड्यातून एकदा 'मेन' ब्रँचवरून (मुख्य शाखेवरून) रिलीज. जँगो ३.२ ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२४ मध्ये संपणार होत्या, म्हणून त्यापुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ४.२ वर जायचं ठरलं. 'अपग्रेड-४.२' नावाची ब्रँच काढली, दोघं जण तिच्यावर बसले आणि उरलेले चौघे मेनवर नेहमीची कामं करत राहिले. हा प्रकल्प उदाहरणासाठी रचलेला आहे, त्यामुळे त्याचे आकडे ढोबळ धरावेत. गिट आणि जँगो यांचं वागणं मात्र जसं आहे तसंच दिलं आहे.

नऊ आठवड्यांनी अपग्रेड ब्रँचवर सव्वाशेच्या वर कमिट (नोंदवलेले बदल) झाले होते आणि मेन चारशे कमिटनी पुढे गेला होता. मेन आत घ्यायला (मर्ज करायला) गेलं की साठेक फाइलींत कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींत दोन वेगळे बदल) येत, आणि त्यातले बरेचसे मागच्या खेपेला सोडवलेलेच असत. ४.२ वर शेकडो टेस्ट फेल होत होत्या, पण त्या अपग्रेडमुळे फेल होतात की अर्धवट मर्जमुळे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी 'मेन दोन आठवडे बंद ठेवा' असा प्रस्ताव येतोच. तो मानू नये. मेन बंद ठेवला तरी ब्रँचमधला गुंता तसाच राहतो, आणि बंदी उठली की अडलेली सगळी कामं एकदम येऊन आदळतात.

मर्ज-बेस हलतच नव्हता

पहिली तपासणी एका कमांडची आहे: 'गिट मर्ज-बेस मेन अपग्रेड-४.२'. दोन ब्रँचचा शेवटचा सामाईक कमिट ती दाखवते. मेन दोनदा 'आत घेतला' होता, तरी उत्तर आलं नऊ आठवड्यांपूर्वीच्या कमिटचं. कारण दोन्ही वेळा मेन स्क्वॉश करून, म्हणजे त्याचे सगळे कमिट एकात दाबून, घेतला होता. स्क्वॉश मर्जमध्ये मजकूर येतो, पण नव्या कमिटला दुसरा पालक (मेनमधल्या कमिटकडे नेणारा दुवा) मिळत नाही, त्यामुळे हे बदल मेनमधून आलेत याची गिटकडे कुठेच नोंद राहत नाही. पुढच्या मर्जला गिट पुन्हा त्याच जुन्या पायापासून तुलना करतं, दोन्ही बाजूंनी त्याच ओळी बदललेल्या दिसतात आणि एकदा मिटवलेला कॉन्फ्लिक्ट परत उभा राहतो. फीचर ब्रँच मेनमध्ये स्क्वॉश करून ती पुसून टाकणं ठीक आहे. जी ब्रँच जगत राहणार आहे, तिच्यात मेन कधीही स्क्वॉश करून घेऊ नये.

झालेलं दुरुस्त करता येतं. शेवटचा स्क्वॉश मेनच्या नेमक्या कोणत्या कमिटपर्यंतचा होता ते आधी शोधायचं. 'गिट मर्ज --स्क्वॉश' जो तयार संदेश देतं त्यात सामील कमिटांची यादी असते, आणि कुणी तो संदेश बदलला नसेल तर सगळ्यात वरचा कमिट तोच. समजा तो 'म२' आहे. मग अपग्रेड ब्रँचवर 'गिट मर्ज -एस अवर्स म२' चालवायचं. या पद्धतीत फाइलींना हात लागत नाही, फक्त म२ हा दुसरा पालक म्हणून नोंदवला जातो. लगेच मर्ज-बेस पुन्हा पाहायचा, तो म२ यायला हवा.

इथे एक चूक फार महागात पडते. म२ च्या जागी घाईत 'मेन' लिहिलं, तर म२ नंतर मेनवर आलेलं सगळं 'मर्ज झालं' असं नोंदवलं जातं, पण प्रत्यक्षात त्यातली एकही ओळ आलेली नसते. कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, इशारा मिळत नाही. पुढे अपग्रेड ब्रँच मेनमध्ये गेली की तेवढं काम चुपचाप नाहीसं होतं. म्हणून कमिटचा पूर्ण हॅशच (ओळख क्रमांक) द्यावा, ब्रँचचं नाव देऊ नये. '-एक्स अवर्स' हा पर्याय वेगळा आहे हेही लक्षात ठेवा. तो नेहमीसारखाच मर्ज करतो आणि फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू धरतो.

ब्रँचमध्ये नेमकं काय आहे

पाया हलल्यावर दोन ब्रँचमधला फरक पाहायचा: 'गिट डिफ मेन...अपग्रेड-४.२', तीन टिंबांसह. तीन टिंबांमुळे सामाईक पायापासून अपग्रेड ब्रँचने केलेले बदलच दिसतात. दोन टिंबं दिली तर मेनने पुढे केलेलं कामही उलट्या चिन्हाने त्यात मिसळतं आणि चित्र भलतंच दिसतं.

या डिफचे भाग पाडले की या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समोर येते. अपग्रेड म्हणून केलेल्या कामातलं बहुतेक काम ३.२ वरही तसंच चालतं. ते या ब्रँचमध्ये ठेवायचं काही कारणच नव्हतं.

पहिला भाग याच कामाचा: 'यूगेटटेक्स्ट' च्या जागी 'गेटटेक्स्ट', 'फोर्स_टेक्स्ट' च्या जागी 'फोर्स_एसटीआर', 'जँगो.कॉन्फ.यूआरएल्स' मधल्या 'यूआरएल()' च्या जागी 'री_पाथ()', 'रिक्वेस्ट.इज_एजॅक्स()' च्या जागी हेडरची थेट तपासणी. जुनी नावं ४.० मध्ये काढून टाकली गेली, पण नवी नावं ३.२ मध्ये आहेतच. 'डीफॉल्ट_अ‍ॅप_कॉन्फिग' ४.१ मध्ये गेलं, आणि अ‍ॅपचा कॉन्फिग आपोआप शोधण्याची सोय ३.२ पासूनच आहे. 'जेसनफील्ड' पोस्टग्रेसच्या कप्प्यातून काढून मॉडेल्समधलं वापरणं ३.१ पासून शक्य आहे. त्याने एक मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) तयार होतं, ते मेनवरच जावं.

दुसरा भाग छोटा असतो: एकाच कोडला दोन्ही आवृत्त्यांवर चालता येत नाही अशा जागा. याचं ठळक उदाहरण म्हणजे 'सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स', म्हणजे फॉर्म पाठवायला विश्वासू मानलेल्या साइटची यादी. ३.२ ला फक्त होस्टचं नाव लागतं. ४.० पासून पुढे एचटीटीपीएस सारखी स्कीम लावावीच लागते, नाहीतर सिस्टीम चेकची एरर येते. इथे सेटिंग्जमध्ये 'जँगो.व्हर्जन >= (४, ०)' अशी अट घालून दोन याद्या ठेवायच्या. हे चेक मॅनेजमेंट कमांडबरोबर चालतात, प्रत्यक्ष साइट चालवणाऱ्या डब्ल्यूएसजीआय सर्व्हरच्या सुरुवातीला चालत नाहीत. म्हणून तैनातीत 'चेक' कमांड वेगळी पायरी म्हणून ठेवली नसेल, तर ही चूक लोकांचे फॉर्म ४०३ (परवानगी नाही) ही एरर देऊ लागल्यावरच कळते.

टाइमझोनचं काम दिसायला दुसऱ्या भागातलं वाटतं, पण ते बहुतांशी पहिल्यातलं आहे. ४.० ने पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी सोडून झोनइन्फो धरलं, आणि झोनइन्फोच्या वस्तूंना 'लोकलाइझ()' किंवा 'नॉर्मलाइझ()' या पद्धतीच नसतात. अपग्रेड ब्रँचमध्ये असे कॉल एकेक करून झोनइन्फोच्या पद्धतीने लिहिले गेले होते आणि ते कोड ३.२ वर चुकीचं चालायचं: पायटीझेडचा झोन थेट 'टीझेडइन्फो' म्हणून दिला की स्थानिक प्रमाणवेळेऐवजी जुना सरासरी स्थानिक वेळेचा फरक लागू होऊ शकतो. त्याऐवजी 'टाइमझोन.मेक_अवेअर()' वापरलं की दोन्हीकडे बरोबर उत्तर येतं. काही जागा राहून गेल्या, तर ४.२ मध्ये 'यूज_डेप्रिकेटेड_पायटीझेड' ही तात्पुरती सेटिंग आहे. ५.० मध्ये ती नाही.

तिसऱ्या भागात, म्हणजे फक्त ४.२ वरच चालेल अशा बदलांत, रिक्वायरमेंट्समधली आवृत्तीची ओळ, लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आणि ४.२ मधली एखादी नवी सोय एवढंच उरलं.

बदल मेनवर न्यायचे कसे

सोपा दिसणारा मार्ग 'गिट चेकआउट अपग्रेड-४.२ -- फाइल' हा आहे आणि तो टाळायचा आहे. ही कमांड बदल आणत नाही, आख्खी फाइल आणते. मेनवर त्या फाइलीत मधल्या काळात झालेलं काम त्यात पुसलं जातं, आणि डिफ मोठा असेल तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं.

यांत्रिक बदल वाहून न्यायचेच नाहीत, ताज्या मेनवर ते पुन्हा निर्माण करायचे. जँगो-अपग्रेड हे साधन पहिल्या भागातले बरेच बदल आपोआप करतं. मात्र त्याला '--टार्गेट-व्हर्जन ३.२' द्यायचं, ४.२ नव्हे. ४.२ दिलं तर ते टेस्टमधल्या 'असर्टक्वेरीसेटइक्वल' चं नाव ४.२ मधल्या नव्या स्पेलिंगने लिहितं, ज्यात 'सेट' चा 'एस' मोठा आहे. ती पद्धत ३.२ मध्ये नसल्याने मेनवरच्या टेस्ट पडतात. एका प्रकारचा बदल, एक पुल रिक्वेस्ट (मेनमध्ये बदल घेण्याची विनंती), आणि वर्णनात चालवलेली नेमकी कमांड. मधल्या वेळात कॉन्फ्लिक्ट आला तर तो सोडवत बसायचं नाही. पुल रिक्वेस्ट टाकून द्यायची, ताजा मेन घ्यायचा, कमांड पुन्हा चालवायची.

हाताने लिहिलेले बदल 'गिट चेरी-पिक -एक्स' ने एकेक कमिट उचलून आणायचे. '-एक्स' मुळे मूळ कमिटचा हॅश संदेशात राहतो. कोणते उरले ते 'गिट चेरी -व्ही मेन अपग्रेड-४.२' दाखवतं: उणे चिन्ह असलेल्यांच्या तोडीचा कमिट मेनवर आहे, अधिक चिन्ह असलेले बाकी आहेत. ही तुलना पॅचच्या मजकुरावर होते, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट सोडवून आणलेले कमिट अधिक चिन्हातच राहतात. ते हॅशवरून हाताने ताडावे लागतात.

मधल्या काळात कुणी एक फीचर ब्रँच अपग्रेड ब्रँचवरूनच काढली होती. तिला मोकळं करायला 'गिट रीबेस --ऑन्टो मेन अपग्रेड-४.२ फीचर'. यात अपग्रेड ब्रँचमध्ये नसलेले, म्हणजे फीचरचे स्वतःचे कमिट तेवढे उचलून मेनवर ठेवले जातात. नंतर पुश करताना '--फोर्स-विथ-लीज' वापरायचं, साधा फोर्स नको.

फॉरमॅटिंगचा कमिट

साठ फाइलींतल्या कॉन्फ्लिक्टचं दुसरं मोठं कारण म्हणजे अपग्रेड ब्रँचच्या पहिल्याच आठवड्यात ब्लॅक हा फॉरमॅटर सगळ्या रिपॉझिटरीवर चालवला होता. मेनवर तो नव्हता. त्यानंतर मेनवर बदललेली जवळजवळ प्रत्येक ओळ कॉन्फ्लिक्ट देणारच होती.

फॉरमॅटिंग हवं असेल तर ते मेनवर, एका वेगळ्या कमिटमध्ये, त्यात दुसरा काहीही बदल न मिसळता करावं. त्याचा हॅश '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' या फाइलीत लिहावा आणि 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' ही सेटिंग लावावी, म्हणजे ब्लेम (कोणती ओळ कुणी बदलली ते) पाहताना तो कमिट वगळला जातो. उघड्या असलेल्या ब्रँच या कमिटपलीकडे नेण्याचा क्रम असा. फॉरमॅटिंगचा कमिट 'फ' धरू.

१. आपल्या ब्रँचमध्ये 'फ' च्या आधीचा कमिट मर्ज करा. इथे येतील तेच खरे कॉन्फ्लिक्ट.
२. त्याच आवृत्तीचा, त्याच सेटिंगचा फॉरमॅटर आपल्या ब्रँचवर चालवून कमिट करा.
३. 'गिट मर्ज -एस अवर्स फ'.
४. आता मेन नेहमीसारखा मर्ज करा.

तिसरी पायरी सुरक्षित आहे, कारण 'फ' ने जे केलं तेच दुसऱ्या पायरीने आधीच केलेलं असतं. फॉरमॅटरची आवृत्ती वेगळी निघाली तर ही हमी राहत नाही, म्हणून ती लॉक फाइलीत पक्की असावी.

मेनवर दोन्ही आवृत्त्या

मेन कोड दोन्हीवर चालायला हवा असेल तर ते सीआयने (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेने) प्रत्येक पुल रिक्वेस्टला तपासलं पाहिजे. मेनमध्येच दुसरी रिक्वायरमेंट्स फाइल आणि तिची वेगळी लॉक फाइल ठेवायची, ज्यात जँगो ४.२ आहे. सीआयमध्ये दोन कामं: एक ३.२ चं, एक ४.२ चं. सुरुवातीला ४.२ चं काम फेल झालं तरी मर्ज अडवायचं नाही, पण फेल होणाऱ्या टेस्टची यादी रिपॉझिटरीत फाइल म्हणून ठेवायची. यादीबाहेरची टेस्ट पडली तर मर्ज अडतो. यादीतली टेस्ट पास होऊ लागली तर तिचं नाव यादीतून काढेपर्यंतही मर्ज अडतो. या दुसऱ्या नियमाशिवाय यादी कधीच रिकामी होत नाही. तो पाळणं थोडं जाचक वाटतं, पण सैल सोडू नका.

ही व्यवस्था लागू झाली की मेनवरच्या चौघांनी नवं कोड लिहिताना जुनी नावं वापरली तर त्यांनाच लगेच कळतं. आधी तो भार अपग्रेडवरच्या दोघांवर पडत होता, आणि तोही आठवड्यांनी. शिवाय ३.२ च्या कामात पायटेस्टच्या (टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या) 'फिल्टरवॉर्निंग्ज' मध्ये 'रिमूव्ह्डइनजँगो४०वॉर्निंग' हा वर्ग एरर म्हणून लावायचा. आधी पूर्ण सूट एकदा 'पायथन -डब्ल्यूए' ने चालवून इशारे किती आणि कुठून येतात ते पाहावं, कारण काही बाहेरच्या पॅकेजमधून येतात. ३.२ आणि ४.२ दोन्हींना चालणारी आवृत्ती असलेलं पॅकेज आधी मेनवरच त्या आवृत्तीवर न्यायचं.

पायथनला हात लावायची गरज नव्हती, कारण ३.८ दोन्हींना चालतं. पोस्टग्रेस मात्र आधी उचलावा लागला: ४.२ ला किमान १२ लागतो, आणि ३.२ ला १२ चालतो. डेटाबेसचा बदल ३.२ वर असतानाच करून तो काही रिलीज स्थिरावू द्यावा. दोन्ही एकाच दिवशी केले तर बिघाड कुठला हे वेगळं काढता येत नाही.

मायग्रेशन

अपग्रेड ब्रँचवर एका अ‍ॅपमध्ये ००४२ क्रमांकाचं मायग्रेशन होतं, मेनवरही ००४२ होतं, नावं वेगळी. फाइलींची नावं वेगळी असल्याने गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही. तक्रार जँगो करतो, मायग्रेशनच्या ग्राफला एकापेक्षा जास्त टोकं आहेत म्हणून. 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' ने टोकं जोडता येतात, पण ते सगळ्या वेळी योग्य उत्तर नसतं. अपग्रेड ब्रँचचं ००४२ हे स्टेजिंगच्या (रिलीजपूर्व चाचणीच्या) डेटाबेसवर लागू झालेलं होतं. फाइलीचं नाव बदलून ००४३ केलं की 'जँगो_मायग्रेशन्स' तक्त्यात जुनं नाव उरतं, जँगो नव्या नावाचं मायग्रेशन न लागलेलं समजतो आणि तोच बदल पुन्हा लावायला जातो. इथे स्टेजिंगचा डेटाबेस उत्पादनाच्या (खऱ्या वापरातल्या) डेटाबेसच्या प्रतीवरून नव्याने उभारणं हाच स्वच्छ मार्ग होता.

ते ००४२ तयार झालं होतं 'डीफॉल्ट_ऑटो_फील्ड' मुळे. ३.२ पासून ही सेटिंग नसेल तर 'डब्ल्यू०४२' इशारा येतो. तो बंद करायला कुणीतरी 'बिगऑटोफील्ड' लिहिलं आणि प्रत्येक मॉडेलच्या प्राथमिक कीसाठी मायग्रेशन निघालं. अपग्रेडशी त्याचा संबंध नाही. मेनवर 'ऑटोफील्ड' असं स्पष्ट लिहावं, म्हणजे इशारा जातो आणि मायग्रेशनही निघत नाही. सीआयमध्ये 'मेकमायग्रेशन्स --चेक' दोन्ही आवृत्त्यांवर चालवावं. जुन्या मायग्रेशन फाइलींत 'नलबूलियनफील्ड' दिसलं तर घाबरायचं कारण नाही, इतिहासातल्या मायग्रेशनपुरता जँगोने त्याचा आधार ठेवला आहे. हाताने लिहिलेल्या डेटा मायग्रेशनमध्ये 'फोर्स_टेक्स्ट' आयात केलेलं असेल तर मात्र ते ४.० वर लगेच मोडतं.

रीरीरी आणि लॉक फाइल

मेनचा मर्ज वारंवार घ्यायचा तर 'रीरीरी.एनेबल्ड' चालू करावं. सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की तीच सोडवणूक लावतं. नोंदी 'आरआर-कॅश' फोल्डरमध्ये त्या एका क्लोनपुरत्या (रिपॉझिटरीच्या एका प्रतीपुरत्या) राहतात, पुशबरोबर जात नाहीत. म्हणून मर्ज शक्यतो एकाच जणाने एकाच क्लोनवर करावा. सोडवलेल्या नोंदी मुळात ६० दिवस आणि न सोडवलेल्या १५ दिवस टिकतात. चुकीची सोडवणूकही तितक्याच इमानाने लागते. ती 'गिट रीरीरी फर्गेट' ने काढता येते.

लॉक फाइलीतला कॉन्फ्लिक्ट हाताने कधीच जुळवू नये. मेनची बाजू घ्यायची आणि साधनाने लॉक पुन्हा तयार करायचं. बाजू घेताना काळजी एकच: मर्जमध्ये '--अवर्स' म्हणजे आपण उभे आहोत ती ब्रँच, आणि रीबेसमध्ये '--अवर्स' म्हणजे ज्यावर रीबेस चाललाय ती. अर्थ नेमका उलटतो.

बदलाचा दिवस

फेल टेस्टची यादी रिकामी झाली तेव्हा जुन्या ब्रँचला 'संग्रह/अपग्रेड-४.२' असा टॅग देऊन ती पुसली आणि मेनवरून त्याच नावाची नवी ब्रँच काढली. तिच्यात मुख्य रिक्वायरमेंट्सची ओळ, लॉक फाइल आणि एक तात्पुरती सेटिंग एवढंच होतं. ही ब्रँच दोन दिवसांपेक्षा जास्त जगली नाही. मर्जच्या आधी 'गिट डिफ मेन संग्रह/अपग्रेड-४.२' एकदा फाइलनिहाय पाहिला आणि मेनवर न आलेल्या प्रत्येक बदलापुढे कारण लिहिलं: पुन्हा निर्माण केला, नको होता, किंवा राहून गेला. राहून गेलेले निघालेच, आणि त्यासाठीच ही पायरी आहे.

ती तात्पुरती सेटिंग म्हणजे 'सीएसआरएफ_कुकी_मास्क्ड'. ४.१ पासून सीएसआरएफ कुकीची मांडणी बदलली. सर्व्हर एकेक करून बदलत असाल तर काही वेळ ३.२ आणि ४.२ शेजारी चालतात, आणि एकाने दिलेली कुकी दुसऱ्याला पटली पाहिजे. या काळात ही सेटिंग खरी ठेवायची. मागे यावं लागलं तरी तिचा उपयोग होतो, म्हणून सगळे सर्व्हर बदलल्याबरोबर ती काढू नये. माघारीची मुदत संपल्यावर काढावी.

माघारीचा पहिला मार्ग म्हणजे बदलाच्या आधीच्या टॅगची तैनाती. मेनवरही मर्ज मागे घ्यायचा झाला तर 'गिट रिव्हर्ट -एम १ मर्जचा-हॅश'. हे केल्यावर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तर काहीच येत नाही, कारण गिटच्या नोंदीत ते कमिट मेनमध्ये आहेतच. दुसऱ्या प्रयत्नाला आधी त्या रिव्हर्टचा रिव्हर्ट करावा लागतो, मगच नव्या दुरुस्त्या.

माघारीची मुदत दोन रिलीजची ठेवली होती. ती संपल्यावर सीआयमधलं ३.२ चं काम, जुनी लॉक फाइल, 'जँगो.व्हर्जन' च्या सगळ्या अटी आणि कुकीची सेटिंग एकाच पुल रिक्वेस्टमध्ये काढली. त्याच आठवड्यात 'रिमूव्ह्डइनजँगो५०वॉर्निंग' एरर म्हणून लावलं. पहिलीच टेस्ट पडली ती साध्या दुव्यावरून, म्हणजे गेट विनंतीने, लॉगआउट करण्याची. ते ४.१ पासून कालबाह्य ठरवलं आहे आणि ५.० मध्ये चालत नाही. दुव्याच्या जागी पोस्ट फॉर्म टाकण्याचा बदल ४.२ वर असतानाच करता येतो, तेव्हा तो थेट मेनवर गेला.